पहिली फांदी

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडं राखण्याचा एक कायदा आहे, १९७५ सालचा. त्या कायद्यामुळे महापालिकांना ठरावीक वर्षांनी आपल्या हद्दीतली झाडं मोजावी लागतात. आमच्या रस्त्यावरही मोजणीची माणसं आली होती. एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. झाडाचं नाव, खोडाचा घेर, अंदाजे उंची, तब्येत कशी आहे, असं सगळं टिपून घेत ती पुढे सरकत होती. काम मन लावून चाललं होतं. फक्त एक गोष्ट कुणी मोजली नाही. पहिली फांदी जमिनीपासून किती उंचावर आहे? मोजणाऱ्यांना तिची गरज नसते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला मात्र झाडाबद्दल आधी तेवढंच जाणून घ्यायचं असतं. हात पोचतो का? नसेल पोचत, तर दोस्ताच्या खांद्यावर उभं राहून पोचतो का? तिथवर गेलं की पुढचं झाड आपलं आपण उलगडत जातं.

माझं लहानपण पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात गेलं. गावामागे डोंगर, डोंगराच्या अंगावर रान, आणि रान संपतं तिथून बांधाबांधावर उभी असलेली सुटी झाडं. शाळेच्या पुस्तकात वनस्पतींची कुळं होती, एकदल-द्विदल होतं. आमच्या लेखी झाडांच्या जाती तीनच: चढायची, न चढायची आणि चढल्यावर पस्तावायची.

पस्तावायच्या जातीत पहिलं नाव जांभळाचं. दिसायला इतकं मोहात पाडणारं दुसरं झाड नाही. खोड लवकर फुटतं, फांद्या भरपूर, आणि ज्येष्ठ लागला की काळीभोर जांभळं अगदी तोंडाशी लोंबत असतात. पण लाकूड दगाबाज. मनगटाएवढी हिरवीगार फांदी काडकन जाते, आधी करकर आवाज करून सावधही करत नाही. माझा एक चुलतभाऊ असाच जांभळावरून पडला, हाडवैद्याकडे जाऊन हात बांधून आला आणि पुढच्या ज्येष्ठात पुन्हा त्याच झाडाखाली उभा. फक्त आता तो फांदीच्या टोकाकडे न जाता बुंध्यालगत राहायचा आणि पुढची जांभळं आकडीने ओढायचा. शेवगा आणि पांगारा याच पंगतीतले. शेवग्याची फांदी नुसत्या वाऱ्याने मोडते. पांगाऱ्याला काटे असतात ते वेगळंच. पांगाऱ्याकडे आमचं जाणं त्याच्या बियांपुरतं. लालबुंद बी दगडावर खसाखसा घासायची आणि बेसावध पोराच्या दंडाला टेकवायची. चटका बसलेला पोरगा सूड म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःची बी घेऊन यायचा.

न चढायच्या झाडांची कारणं सांगायला मोठ्या माणसांची गरज नव्हती. काटेसावरीच्या कोवळ्या खोडाला शंकूच्या आकाराचे काटे असतात, तिच्याशी बोलणी तिथेच संपतात. साग सरळसोट वर जातो, हाताला काही देत नाही. बिब्ब्याचा चीक लागला की अंग उठतं. कामात बिब्बा घालणं म्हणजे काय, हे रानातल्या पोराला शाळेत वाक्प्रचार म्हणून शिकवावं लागत नाही. आणि दिवाळीनंतर ज्या झाडावर खाजकुयलीचा वेल चढलेला असेल, ते झाड कितीही चांगलं असलं तरी तेवढ्या दिवसांपुरतं बाद. तिच्या वाळलेल्या शेंगांची लव वाऱ्यावर येते आणि मग नाचायला ढोल लागत नाही.

राहिली चढायची झाडं. त्यांच्यात चिंच सगळ्यांत विश्वासाची. चिंचेची फांदी वाकेल, पण सहसा मोडणार नाही. खाटकाचा ठोकळा चिंचेच्या लाकडाचा करतात, यावरूनच तिचा चिवटपणा कळावा. साल खरखरीत, पाय धरून ठेवणारी. फांद्या दर दोन-तीन हातांवर फुटलेल्या. पाला बारीक, त्यामुळे सावली असूनही पुढची फांदी स्वच्छ दिसते. कोवळा पाला खायचा, फुलं खायची, आकडे खायचे, गाभुळलेल्या चिंचा तर खायच्याच. दात आंबून भाकरी चावता येईनाशी झाली की घरात कळायचं, स्वारी आज कुठे होती ते. इथे एक कबूल करायला हवं. वनस्पतींचे जाणकार सांगतात की चिंच मुळात आफ्रिकेतली. आपल्याकडे ती इतक्या जुन्या काळी आली की गावाच्या वेशीपासून आमटीपर्यंत सगळीकडे घरचीच झाली. देशी-विदेशी वादात मी चिंचेच्या बाजूने उभी राहीन. झाडाचा जन्मदाखला बघावा, पण त्याच्याखाली पोरं जमतात का, हेही बघावं.

गंमत म्हणजे चढायला जी झाडं सर्वांत चांगली, नेमकी त्यांच्यावरच गावाने भुतं बसवली होती. चिंचेवर हडळ, पिंपळावर मुंजा, वडावर वेताळ. सागावर भूत असल्याचं मी कधी ऐकलं नाही. भुतांच्या वेळाही ठरलेल्या, भर दुपारी बारा आणि तिन्हीसांजा. म्हणजे ऊन डोक्यावर येऊन भोवळ येते तेव्हा, आणि अंधारून पुढची फांदी दिसेनाशी होते तेव्हा. उरलेला दिवस झाड पोरांचं. हा धाक ‘चढू नका’ म्हणणारा नव्हता, ‘आता पुरे’ म्हणणारा होता. बागेतल्या आजच्या पाटीला एवढी अक्कल नाही. ती चोवीस तास नाहीच म्हणते.

उंबराची गोष्ट वेगळी. उंबराखाली दत्तगुरूंचा वास, त्याला पाय लावायचा नाही. आणि दुर्दैव असं, की त्याच्याइतकं सोयीचं झाड नाही. खोड बुटकं, थोडं कललेलं, फांद्या हाताशी, फळं थेट खोडालाच लगडलेली. आम्ही आधी खोडाला हात लावून नमस्कार करायचो आणि मग चढायचो. दत्तगुरूंनी कुणाला ढकलून दिल्याचं ऐकिवात नाही. फोडलेल्या उंबरातून चिलटांएवढे किडे भुर्रकन उडायचे. ते किडे फुंकून टाकायचे आणि उरलेलं खायचं, इतकंच तेव्हा माहीत होतं. वड, पिंपळ, उंबर या सगळ्यांची फुलं फळाच्या आत मिटलेली असतात, ती फळवायचं काम ठरावीक जातीच्या बारक्या गांधीलमाश्या करतात, आणि ती माशी नसेल तर बी धरत नाही, हे पुष्कळ नंतर वाचलं.

झाडावर चढणाऱ्या पोरांचा महाभारतातला एक उल्लेख मला कायम आठवतो. फळं काढायला कौरव झाडावर चढले की भीम खालून बुंध्याला लाथा घालायचा आणि फळांबरोबर कौरवही खाली यायचे, असं आदिपर्वात आहे. कीर्तनात हे आलं की सगळे भीमाच्या बाजूने हसायचे. मला ते कधी पटलं नाही. वर गेलेल्याला खालून हलवायचं नाही, हा आमच्याकडे पक्का नियम होता आणि तो मोडणाऱ्याला खेळातून बाहेर काढत असत, मग तो केवढाही दांडगा असो. बाकी सगळ्या बाबतीत कौरवांना दोष द्यावा, पण या एका प्रकरणात मी त्यांच्या बाजूची.

वडाबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. बहुतेक झाडांना फांदी फार लांब नेता येत नाही, तिचं ओझं तिलाच पेलत नाही. वडाने त्यावर तोड काढली. फांदी आडवी वाढत जाते, तिच्यातून पारंब्या सुटतात, जमिनीला टेकल्या की मुळं धरतात आणि जाड होऊन खांब बनतात. मग फांदी आणखी पुढे जायला मोकळी. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड असाच काही एकरांवर पसरला आहे, त्याचं मूळ खोड कुठलं हे शोधत फिरावं लागतं. पारंबीचं लाकूड वडाच्या खोडापेक्षा चिवट असतं. तंबूचे खांब आणि गाडीची जुवं करायला ते वापरत. लोंबत्या पारंबीला आठ पोरं लटकली तरी ती का तुटत नव्हती, त्याचं उत्तर यात आहे.

आणि या झाडाच्या अंगाने बेतलेला एक अख्खा खेळ आपल्याकडे आहे, सूरपारंब्या. नवीन वाचकांपैकी कित्येकांनी तो नावानेच ऐकला असेल, म्हणून सांगते. झाडाखाली एक रिंगण आखायचं. एका गड्याने पाय उचलून त्याच्या खालून दांडकं जमेल तितकं लांब भिरकवायचं. ज्याच्यावर राज्य असेल त्याने धावत जाऊन ते आणायचं आणि रिंगणात ठेवायचं. तेवढ्यात बाकीचे सगळे झाडावर. आता राज्यवाल्याने वर चढून कुणाला तरी शिवायचं, आणि वरच्यांनी त्याला हुलकावणी देत, पारंबीवरून घसरत, उडी टाकत खाली येऊन दांडक्याला हात लावायचा. जो शिवला गेला त्याच्यावर राज्य.

खेळ म्हणून हा फार वरच्या दर्जाचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि हे मत बनवताना मी क्रिकेटलाही विसरलेली नाही. यात मैदान झाड देतं. प्रत्येक वडाखालचा खेळ निराळा, कारण प्रत्येक वडाच्या फांद्या निराळ्या. आमच्या वडाला पश्चिमेकडे एक आडवी फांदी होती, तिच्यावर उभ्याने चालत जाता यायचं. तिच्या टोकाला कोवळी पारंबी. राज्यवाला अर्ध्या फांदीवर आला की पारंबी धरायची आणि सुटायचं. दोघं एकदम सुटले तर गोंधळ, कारण पारंबी एकच. ताकदीचा पोरगा यात जिंकतोच असं नाही. हलका, चपळ आणि झाड पाठ असलेला जिंकतो. आमच्यातला सर्वांत तरबेज गडी अंगाने काडी होता आणि वर्गात मागच्या बाकावर बसायचा. झाडावर तो कुणालाही ऐकायचा नाही.

शिकवणं असं कुणी बसून केलं नाही. मोठी पोरं ओरडायची, त्यातून नियम कळायचे. एक हात सोडायचा तर दोन्ही पाय पक्के पाहिजेत. वाळल्या फांदीला आधी टकटक करून बघायचं. फांदीच्या टोकाला नाही, बुडाशी पाय द्यायचा. चढणं सोपं, उतरणं अवघड, म्हणून जिथून उतरता येईल तेवढंच चढायचं. पावसाळ्यात तर झाड बंदच. आमच्याकडे मृगापासून सालीवर शेवाळ धरतं आणि खोडं निसरडी होतात. भात काढून झालं, ऊन पडलं, शेवाळ वाळून खरवडून पडलं की झाडं पुन्हा उघडायची.

मुलींना झाड कधी बंद होतं, याचा मात्र महिना नाही. आम्ही परकराचा काचा मारून पोरांच्या बरोबरीने चढायचो, आणि खरं सांगायचं तर मुली जास्त सावध म्हणून पडायच्याही कमी. मग एका संध्याकाळी आजी अंगणातून हाक मारते, “पोरी, उतर खाली. आता का लहान हायेस?” कालपर्यंत लहान होतीस आणि आज नाहीस, हे झाडाला कुणी कळवलेलं नसतं. माझ्या बरोबरीच्या एकेक जणी अशा उतरल्या. उतरवताना कुणी रागावत नव्हतं, हेच त्यातलं अवघड. रागावलं असतं तर भांडता आलं असतं.

त्या बंदीला वर्षातून एक सूट होती, नागपंचमीची. पंचमीच्या आधी गावातला कुणी जाणता माणूस चिंचेची किंवा कडुनिंबाची फांदी निवडायचा. निवड सोपी नसे. फांदी आडवी हवी, खाली मोकळी जागा हवी, आणि झोका चढला की पाय दुसऱ्या फांदीला लागता कामा नयेत. मोटेचा नाडा बांधला जाई. त्यावर माहेरवाशिणी उभ्याने झोका चढवत, समोरासमोर दोघी, आळीपाळीने गुडघ्यात वाकून. माझी आत्या, जी एरवी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ती झोक्यावर पार शेंड्याच्या पाल्याला पाय लावून यायची. खाली उतरली की पुन्हा पदर डोक्यावर. तिला त्या उंचीची सवय कुठून होती हे मी तिला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. याच चिंचेवर तिचंही लहानपण गेलेलं होतं.

वरच्या रानात खेळ बदलायचा. रानातली झाडं गर्दीत वाढतात, उजेडासाठी सरळ वर जातात, त्यामुळे त्यांच्या फांद्या उंचावर. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची, बोटं अडकवायला चांगली, पण मिठीत येईल असा ऐन मिळायला हवा. गावच्या देवराईत तर झाडावर चढायची सोयच नव्हती. देवाचं रान, तिथली वाळकी काटकीही घरी आणायची नाही. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांचं मोल कळलं. आम्हाला तिथली गारंबी ठाऊक होती. माणसाच्या मांडीएवढा जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला, मध्येच जमिनीलगत झोळ पडलेला. त्या झोळावर बसायला देवाची हरकत नसावी, निदान पुजाऱ्याची नव्हती. गारंबीची शेंग हातभर लांब, आणि तिच्यातली चपटी गुळगुळीत बी खिशात असली की त्या दिवशी भाव वधारायचा.

महाबळेश्वर आणि माथेरानच्या माथ्यावरची अंजनी ही पोरांसाठीच घडवलेली जात वाटते. भन्नाट वाऱ्याने तिला उंच होऊ दिलेलं नाही. बुटकी, वाकडीतिकडी, पण लाकूड कठीण. फुलायला आली की पानांआड फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके. सहलीला आलेल्या मुलांना घोड्यांच्या आणि स्ट्रॉबेरी-क्रीमच्या रांगेतून काढून कुणी अंजनीखाली नेऊन सोडलं, तर त्यांना पुढे काय करायचं ते सांगावं लागणार नाही.

आंब्याचा विषय काढला की थांबवत नाही, म्हणून थोडक्यात. कलमं बुटकी आणि चढायला सोपी असतात, पण त्यांच्याभोवती कुंपण आणि राखण. रायवळ आंबा उंच, त्याची मालकी भाऊबंदकीत अडकलेली, म्हणून राखण सैल. प्रत्येक रायवळ झाडाला स्वतःचं नाव होतं. फळाला शेपूसारखा वास येई तो शेप्या, गर खोबऱ्याच्या चवीचा तो खोबऱ्या, शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या. या सगळ्यांची खरी राखण तांबड्या मुंग्या करायच्या. त्या पानं शिवून घरटी करतात, आणि शिवायचा धागा त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून येतो. कामकरी मुंगी अळीला धरून पानांच्या कडांवरून फिरवते. हे मी भिंगातून नाही, मानेला मुंगी डसलेली असताना हातभर अंतरावरून पाहिलेलं आहे.

देशी झाडांची बाजू घेताना पर्यावरणाचे मुद्दे सांगतात, पक्षी, फुलपाखरं, जमिनीतलं पाणी. ते सगळे बरोबर आहेत. मला त्यात पोरांचा मुद्दा घालायचा आहे. झाडावर चढायला निमित्त लागतं, आणि आपल्या झाडांकडे ते जवळपास वर्षभर असतं. थंडीत बोरं आणि चिंचा, शिमग्याच्या सुमाराला वावळाच्या पापुद्र्यांतल्या बिया, मग कैऱ्या, मग उंबरं, मग जांभळं. भोकराचा चिकट गर पतंगाला आणि फाटक्या वहीला. पिंपळाच्या पानाची पिपाणी. रुजलेल्या कोयीची पुंगी. गुलमोहर मादागास्करहून आला, देखणा आहे, त्याच्या फुलातल्या केसरांची झुंज लावतात हेही खरं, पण चढायला तो ठिसूळ आणि खायला त्याच्याकडे फारसं काही नाही. रस्त्यांवरचे रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचे, छत्री अफाट, पण पहिली फांदी बसच्या टपावरून. पुण्याच्या टेकड्यांवर वन खात्याने मेक्सिकोकडचा गिरिपुष्प लावला. टेकड्या हिरव्या दिसल्या, यात शंका नाही. त्या बारीक, एकसारख्या काठ्यांमध्ये एकही पोरगं वर चढलेलं मला दिसलेलं नाही. आणि आता नव्या सोसायट्यांत जे पाम उभे करतात, त्यांच्याविषयी काय लिहावं? त्यांना फांदीच नाही.

या सगळ्यात धोका आहे, आणि तो नाही असं म्हणणाऱ्याने जांभळाकडे बघावं. नॉर्वेच्या एलेन बीआटे सँडसेटर या संशोधक बाईंनी २००७मध्ये मुलांच्या धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारेची हत्यारं, आग-पाण्याच्या जवळ जाणं, कुस्ती-मारामारी आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. ते वाचताना मला हसू आलं. आमच्या नदीकाठच्या वडापाशी एका दुपारी हे सहाही व्हायचे, विळा कमरेला असायचाच. बाईंचं म्हणणं असं, की मुलं भीती झेपेल तेवढीच घेतात आणि हळूहळू वाढवत नेतात. हे खरं आहे. पहिल्या वर्षी पहिली फांदी, दुसऱ्या वर्षी दुसरी. झाडच टप्पे पाडून देतं. घसरगुंडीला टप्पे नसतात, पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच ती शेवटपर्यंत असते.

आणि चढणं हे कुणाचं पोट होतं, हेही विसरायला नको. सिंधुदुर्गात आणि गोव्यात माडावर चढणारे पाडेली, सूर काढणारे रेंदेर, रानात मध काढणारे ठाकर आणि कातकरी, ही सगळी माणसं लहानपणी कुणाच्या तरी आमराईत पाय सोलून घेतलेली. आता पाडेली मिळत नाही म्हणून बागायतदार हळहळतात, आणि माडावर यंत्राने कसं चढायचं हे नारळ विकास मंडळाला शिबिरं घेऊन शिकवावं लागतं.

आमच्या घराजवळच्या बागेत करंजाचं एक झाड आहे. माळ्याच्या कात्रीतून कसं कोण जाणे, पण सुटलेलं. कमरेएवढ्या उंचीवर त्याला बेचकं आहे. भाचीची मुलगी सुट्टीला आली होती, तिला मी काही सांगितलं नव्हतं. ती चपला काढून सरळ बेचक्यात जाऊन बसली आणि मग वर. शिट्टी वाजली. रखवालदार धावत आले, पिकल्या मिशांचे, बोलण्यावरून मराठवाड्याकडचे. “मावशी, उतरवा तिला. वरून ओरडा बसतो आम्हाला.” मी तिला हाक मारली. ती घाईघाईने तोंड बाहेर करून उतरायला लागली, तसे रखवालदारच ओरडले, “अगं तसं नाही बाळा! झाडाकडं तोंड कर. आधी पाय, मग हात. हां, आता त्या डाव्या फांदीवर.” ती खाली येईपर्यंत ते खाली हात धरून उभे होते. मग मला म्हणाले, “हे झाड चांगलंय. फांदी पक्की आहे.” म्हणजे ते स्वतः कधीतरी बघून आले असणार.

शहरात झाडाची पहिली फांदी का जाते, याला दुष्ट माणूस कारण नाही. विजेच्या तारा आहेत, गाड्या लावायच्या आहेत, फांदी पडून कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न आहे. रोपवाटिकेतच बाजूचे फुटवे काढून रोप सरळ वाढवलेलं असतं, कारण गिऱ्हाईकाला तसंच हवं असतं. बुंध्याभोवती पारापर्यंत सिमेंट येतं. २०२१पासून ५० वर्षांच्या वरच्या झाडाला आपला कायदा वारसा वृक्ष म्हणतो, ते चांगलं झालं. पण वारसा म्हणून कठडा घातलेलं झाड आणि पोरांनी वापरलेलं झाड यात फरक आहे. तिकडे मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या रंगीत खुंट्या लावलेली भिंत असते, कमरेला दोर, तासाचे पैसे. ती भिंतही मी वाईट म्हणणार नाही, मुलं तिथे घाम गाळतात. पण भिंतीला उंबर लागत नाही.

म्हणून सोसायटीच्या कमिटीला, शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि बागेचा आराखडा करणाऱ्यांना एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये झाडं लावाल तेव्हा मैदानाच्या कडेला, तारांपासून आणि गाड्यांपासून दूर, एक झाड खास चढण्यासाठी म्हणून लावा. जागा मोठी असेल तर वड. नसेल तर करंज, चिंच किंवा रायवळ आंबा. शेवगा आणि जांभूळ नको. खालचे फुटवे कापू नका, खोड दोन-तीन फुटांवर फुटू द्या. बुंध्याभोवती फरशी घालू नका, माती आणि पालापाचोळा राहू द्या, म्हणजे पडणाऱ्याला कमी लागेल. उन्हाळ्यात एकदा जाणत्या माणसाकडून वाळक्या फांद्या काढून घ्या. आणि ‘झाडावर चढू नये’ ही पाटी बागेतल्या सगळ्या झाडांवर राहिली तरी चालेल, त्या एका झाडावर लावू नका.